अकरा मोबाईल आणि एक फडकं

आमच्या हॉस्पिटलात शिरलं की डाव्या हाताला तीन फ्रेमा दिसतात. पहिली गणपतीची, दुसरी डॉक्टरांच्या डिग्रीची, आणि तिसऱ्या फ्रेममध्ये एक फडकं आहे. वीतभर लांब, एके काळी पांढरं, आता कडेने पिवळं आणि मधोमध विटकं लाल. ताम्हिणीकडून येणारी म्हातारी माणसं गणपतीला हात जोडतात, डिग्रीकडे आदराने बघतात आणि फडक्याच्या काचेला हात लावून तो कपाळाला लावतात. कुठल्या तरी महाराजांच्या कफनीचा तुकडा असणार, अशी त्यांची समजूत. ते फडकं माझं आहे.

मी शारदा. पौडच्या पुढच्या या तीस खाटांच्या हॉस्पिटलात रिसेप्शनला बसते आणि स्टोअरही सांभाळते. शिक्षण बारावी. त्यापुढचं सगळं शिक्षण औषधांच्या खोक्यात जो घडी घातलेला कागद येतो, त्यावर झालेलं आहे. लोक तो कागद फेकतात. मी वाचते. एकदा उघडला की तो पुन्हा तशी घडी घेत नाही, एवढा एकच त्याचा दोष.

तर भाद्रपदात आमच्या दोन पेशंटचे टाके पिकले. एकाच महिन्यात दोन. डॉक्टर मनीष म्हणजे आमचे सर. वयाने माझ्या धाकट्या भावासारखे, पण चिंता करायला लागले की सत्तरीचे दिसतात. त्यांनी ऑपरेशन थिएटरमधल्या टेबलापासून नळापर्यंत सगळ्याचे नमुने तपासायला पाठवले. सगळं स्वच्छ निघालं. निघणारच होतं, कारण थिएटर पुसतात भिकाजीमामा, आणि भिकाजीमामांनी पुसलेल्या फरशीवर पाय ठेवताना देवळात शिरल्यासारखं वाटतं. मग आमच्या हेड सिस्टर प्रियदर्शिनी यांनी कुणाला न विचारता अकरा जणांच्या मोबाईलवरून कापूस फिरवला आणि तो लॅबला पाठवला. निकाल आला. अकराच्या अकरा मोबाईलवर जंतू. प्रत्येकावर वेगळ्या जातीचे.

सिस्टर बोलतात कमी, पण जे बोलतात ते भिंतीवर लिहून ठेवावं असं असतं. त्या म्हणाल्या की आपण हात धुतो, मग फोन उचलतो, मग पेशंटला हात लावतो. म्हणजे हात धुतो ते फोनसाठी.

सरांनी जाहीर केलं की आणखी एक टाका पिकला, किंवा महिन्याभरात हे फोन सुधारले नाहीत, तर थिएटर बंद. बाहेरून तपासणीस येऊन पास करेपर्यंत ताम्हिणी-माल्याकडच्या बायांनी ऑपरेशनला थेट पुण्याला जायचं.

हे ऐकून मला आधी आठवली ती चंद्रकला. ताम्हिणीला तिचा पिठलं-भाकरीचा ढाबा आहे. दोन वर्षं अंगावरून जात होतं. चुलीपुढे उभं राहवत नाही म्हणून खुर्ची टाकून भजी तळायची. पिशवीचं ऑपरेशन सांगितलं की उठून जायची. पुण्याला तर तिने मुळीच जायचं नाही असं ठरवलेलं, कारण तिथे नणंद गेली ती परत आली नाही. शेवटी यंदा मी तिला काउंटरवर तासभर धरून बसवलं, तेव्हा कुठे दसऱ्यानंतरची तारीख घेतली. जाताना म्हणाली, "टाके पिकत्यात म्हनं तुमच्याकडं." मी म्हटलं, "तुमच्या टाक्यांची जबाबदारी माझी." रिसेप्शनवरच्या बाईने टाक्यांची जबाबदारी घेणं म्हणजे कंडक्टरने घाटाची जबाबदारी घेण्यासारखं आहे. पण शब्द दिला तो दिला.

म्हणून मी सरांना सांगितलं, मोबाईलचं माझ्याकडे द्या.

पहिल्यांदा मी थिएटरच्या जुन्या हिरव्या चादरींचा एक पडदा शिवला. त्याला अकरा खिसे. प्रत्येक खिशावर पिवळ्या दोऱ्याने नंबर. तो थिएटरच्या दाराबाहेर टांगला. सकाळी आठला आलं की फोन खिशात टाकायचा, मी तो पुसणार, आणि आत फोन न्यायचा नाही. सेवाज्येष्ठतेनुसार एक नंबरचा खिसा भिकाजीमामांना. एकोणीस वर्षं झाली त्यांना. त्यांच्या फोनच्या कव्हरात आधार कार्ड, भैरोबाचा अंगारा आणि तंबाखूची पुडी असा संसार होता. त्यातली फक्त पुडी बाहेर काढा, असं मी म्हटलं तर ते तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

फोन कशाने पुसायचे याचा सल्ला मी घरी विचारला, ही चूक. आम्ही हिंजवडीजवळच्या चांदे गावात एका सोसायटीत राहतो. आमचे हे, म्हणजे बंडोपंत, सहकार खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं मत पडलं की आधी एक रजिस्टर घाल. समोरची अपूर्वा मूळची अकोल्याची, हिंजवडीत कामाला जाते. तिने निळ्या उजेडाच्या पेटीची लिंक पाठवली, त्या पेटीत फोन ठेवला की जंतू मरतात म्हणे. तळमजल्यावरचे नरहरी काका म्हणाले, कापराची वडी. मी अनुभवाने शिकणारी बाई. आमच्या यांच्या फोनच्या खोक्यावर पाण्याचा थेंब आणि काहीतरी नंबर छापलेला होता, म्हणून प्रयोगाखातर यांचाच फोन साबण लावून नळाखाली धुतला. खोक्यावरचा थेंब म्हणजे एक थेंब, हे नंतर कळलं. फोन तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. तो काही उठला नाही. चौथ्या दिवशी त्याच तांदळाचा भात केला, तर हे ताटावरून उठले आणि म्हणाले, "माझ्या फोनच्या दहाव्याला मी जेवत नाही."

शेवटी कागदावर वाचलं की स्पिरिटची ओली पुसणी मिळतात, एकदा वापरून टाकायची. तीच मागवायची ठरली. आता स्टोअरमध्ये वस्तू मागवायची तर मागणीपत्र लागतं. ते स्टोअरकडे द्यायचं, म्हणजे मी मला दिलं. मी माझ्या सहीने ते माझ्याकडून घेतलं. इथपर्यंत सुरळीत होतं. पुढे कॉम्प्युटरच्या यादीत मोबाईल पुसायचं असं काही नावच नव्हतं. त्याला सगळ्यात जवळचं नाव सापडलं ते 'बेबी वाइप्स'. मी तेच दाबलं. खोकी आली आणि नावाप्रमाणे सरळ बाळंतिणींच्या खोलीत गेली. तिथल्या आयाबाया माझ्या खोक्यांवर अशा काही बसल्या की एका पाकिटापलीकडे मला काही सोडवता आलं नाही. चोवीस पुसणी. ती महिनाभर पुरवायची होती.

माझ्या घरात दुधाची पिशवी धुऊन वाळवली जाते. लाडवाच्या डब्याची दोरी जपली जाते. ती मी, चोवीस चांगली जाड, पांढरीशुभ्र फडकी एकदा वापरून टाकून देईन, हे शक्य आहे का? मी ती रोज घरी नेऊन धुतली, बाल्कनीत वाळवली आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं एक ओलं करून नेलं. उकळून गार केलेलं पाणी, त्यात झाकणभर स्पिरिट, आणि फडकं त्यात बुडवून स्टीलच्या डब्यात. डबा घट्ट झाकणाचा. माझ्या काटकसरीचा मला इतका अभिमान वाटत होता की स्कूटीवरून घोटवड्याला वळताना मी तो डबा एका हाताने चाचपून बघत असे.

सोसायटीत मात्र भलतंच झालं. त्रेपन्न वर्षांच्या बाईच्या बाल्कनीत रोज छोटी छोटी पांढरी फडकी वाळत पडलेली लोकांना दिसली. आमच्या घरात मूल जन्माला घालण्याजोगं कुणी नाही. एकुलता एक ऋषिकेश, त्याचं लग्न व्हायचंय. म्हणजे शंका त्याच्यावरच. अपूर्वा एक दिवस दारात उभी राहिली, इकडचं तिकडचं बोलली आणि हळूच म्हणाली की काकू, आजकाल काही कुणी नावं ठेवत नाही. आणि डिंकाच्या लाडवांचा डबा माझ्या हातात दिला. लाडू उत्तम होते. ऋषिकेशने आठ दिवस लिफ्ट वापरली नाही.

तरी मी मागे हटले नाही. हॉस्पिटलात खिशांचा पडदा टांगल्यापासून अकरा जणांचे फोन मला उचलावे लागत. कुणाची म्हैस व्यायली, कुणाची सासू रुसली, कुणाला बँकेने पुन्हा एकदा कार्ड देऊ केलं, हे सगळं मी थिएटरच्या काचेवर टकटक करून खुणांनी आत कळवत असे. म्हैस व्यायल्याची खूण कशी करतात, हे मला विचारू नये. सर स्वतः मधूनच फोन काढून एक्स-रे बघायचे. त्यांच्या हातून तो मी काढून घेतला आणि पाच नंबरात टाकला. आमच्या तालुक्यात डॉक्टरांच्या हातातून काही काढून घेणारी मी पहिलीच असेन.

तीन आठवड्यांनी पुन्हा नमुने गेले. खंडेनवमीच्या दोन दिवस आधी निकाल आला. अकराच्या अकरा फोनवर जंतू, आणि आधीपेक्षा जास्त. पण या वेळी सगळ्यांवर एकाच जातीचे.

सिस्टरांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आधी निदान प्रत्येकाचं वेगळं बिऱ्हाड होतं. आता एकत्र कुटुंब झालंय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, माणसाच्या मानाला ठेच लागली की तो दुसऱ्याचा पाय शोधतो. मी चार लोकांत म्हणाले की एक नंबरच्या खिशातून सुरुवात होते, त्या फोनच्या कव्हरात तंबाखू असते, तिथूनच हे पसरत असणार. भिकाजीमामा तिथेच पोछा पिळत होते. पोछा पिळला, दांडीला लावला, तो उभा केला आणि निघून गेले. एकोणीस वर्षांत त्यांनी पोछा कधी कोरडा होण्याआधी उभा केला नव्हता.

सरांनी खंडेनवमीला दहा वाजता बैठक ठेवली. थिएटर महिनाभर बंद करायचं, तारखा असलेल्या पेशंटना फोन करून पुण्याला पाठवायचं, हे तिथे ठरणार होतं. फोन करायचं काम रिसेप्शनचं, म्हणजे माझं. यादीत पहिलं नाव चंद्रकलाचं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. कात्र्या, चिमटे, वाफेचं मशीन, ॲम्ब्युलन्स, झाडू, पोछा. हे सगळं भिकाजीमामा पहाटे येऊन करतात. त्या दिवशी मी आठला पोहोचले तेव्हा सगळीकडे झेंडूची फुलं, आणि खिशांच्या पडद्यावर एक नंबरच्या खिशातून एक फोन डोकावत होता. त्याच्या पाठीला हळदीचा ओला लपका आणि वर कुंकू. बाकीच्या दहा फोनना काही नाही. मी तंबाखूचं बोलले होते ना, म्हणून मामांनी फक्त स्वतःचा फोन पुजला होता. त्यातला टोमणा मला कळला. मी डब्यातून फडकं काढलं आणि रागारागाने ती हळद पुसली. मग दोन नंबर, तीन नंबर, करत करत अकरा.

अकरावा फोन प्रियदर्शिनी सिस्टरांचा, शेवटचा खिसा त्यांनी आपणहून घेतलेला. त्यांच्या फोनचं कव्हर पांढरं, नव्या टोपीसारखं. पुसून बघते तर त्याच्यावर पिवळा पट्टा. मला वाटलं, मामांनी यांच्या फोनलाही हळद लावली की काय. डाग जायला हवा म्हणून मी शेजारच्या बेसिनवरचा साबण बोटाला घेऊन त्यावर चोळला. पट्टा लाल झाला.

हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे ज्या बाईने जन्मात एकदा तरी टॉवेलवरचा भाजीचा डाग काढलाय तिला सांगावं लागत नाही. पण या फोनला हळद लागलीच कुठून? मी दहाव्या फोनला साबणाचं बोट लावलं. लाल. नववा. लाल. मागे मागे जात एक नंबरपर्यंत सगळे लाल, कुठे गडद, कुठे फिक्के. मग माझ्या तळव्याला साबण लागला. तळवा लाल. रजिस्टरावरचं पेन, माझ्या गळ्यातलं ओळखपत्र, डब्याचं झाकण. आणि थिएटरच्या दाराची मूठ, जी मी फोन पुसता पुसता दोनदा ढकलली होती, तीही लाल.

हळद एकाच फोनला होती. बाकी सगळीकडे ती मी नेली होती. आज हळद. इतके दिवस काय काय नेलं असेल?

बेसिनपाशी कुणी नव्हतं. घड्याळात पावणेदहा झाले होते. सगळं पाच मिनिटांत पुसून टाकता आलं असतं. फडकं खिशात घातलं असतं, डबा घरी नेला असता, आणि तंबाखूचं प्रकरण तंबाखूवरच राहिलं असतं. त्रेपन्न वर्षांची अब्रू आहे माझी, औषधांच्या कागदांवर वाढवलेली. पण दहा वाजता मला चंद्रकलाला फोन लावायचा होता, आणि ती विचारणार होती, का? खोटं कारण सांगायला माझी जीभ कचरली असती असं नाही. पण ती पुण्याला जाणार नव्हती. ती खुर्ची टाकून पुन्हा भजी तळणार होती.

मी अकराही फोन तसेच, लाल डागांसकट, शस्त्रक्रियेच्या ट्रेमध्ये मांडले. फडकं वर ठेवलं, शेजारी साबण. आणि बैठकीत जाऊन सगळ्यांसमोर ट्रे टेबलावर ठेवला.

"सर, हे माझ्यामुळे झालंय," मी म्हटलं. "एकदा वापरून टाकायची फडकी मी धुऊन वापरत होते. एकाच फडक्याने अकरा फोन. मामांच्या तंबाखूचा काही दोष नाही. मामा, मी चारचौघांत बोलले होते, म्हणून चारचौघांत माफी मागते."

सरांनी विचारलं, फडकी कुठे धुता. मी म्हटलं, घरी. कशात? भांड्याच्या टबात. सिस्टरांनी डबा उघडून नाकाशी नेला, झाकण पटकन लावलं आणि या डब्यात आधी काय होतं असं विचारलं. साबुदाणा, मी म्हटलं. सर टेबलाकडे बघत राहिले. ते हसू दाबत होते की रडू, मला अजून कळलेलं नाही.

मग भिकाजीमामा कोपऱ्यातून बोलले. "एकोनीस वर्सं हितं पुसतुया मी. एक फडकं एका जागंला. दुसऱ्या जागंला दुसरं. वापरल्यालं पुन्ना आत न्हाई. इचारायचं व्हतं की, ताई. मी काय कुटं लांब हाय व्हय?"

मी बारा देशांचे कागद वाचले होते. रोज दहा फुटांवर पोछा पिळणाऱ्या माणसाला विचारलं नव्हतं.

त्यानंतर बैठकीत जे झालं त्यामुळे मला माझ्या हॉस्पिटलचा फार अभिमान वाटतो. कुणी मला ओरडलं नाही. सिस्टरांनी ट्रेमधला एक फोन उचलला, मूठभर नर्सेस आत बोलावल्या आणि मला म्हणाल्या की हे पुन्हा करून दाखवा, पहिल्यापासून, हळदीपासून. मी दाखवलं. एकीने लाल झालेली दाराची मूठ बघितली आणि स्वतःचे हात साडीला पुसायला गेली, मग तशीच थांबली. हजार पाट्या लावून जे झालं नसतं ते चिमूटभर हळदीने झालं. थिएटर बंद करायचं सरांनी चार दिवस लांबणीवर टाकलं. फोनचं खातं माझ्याकडून काढून भिकाजीमामांकडे दिलं. मी म्हटलं, योग्य आहे. मनात म्हटलं, निदान आता म्हशीच्या खुणा त्यांनी कराव्यात.

मामांनी जमिनीवर लाल रंगाची रेघ मारली. रेघेच्या आत फोन नाही, मग तो कुणाचाही असो. बाहेर स्पिरिटने ओलं केलेलं एक पुसणं, एक फोन, की गेलं कचऱ्यात. फोन कितीही पुसला तरी हात धुवायचेच. बाळंतिणींच्या खोलीतून त्यांनी माझी सगळी खोकी सोडवून आणली. कशी आणली ते त्यांनी सांगितलं नाही, पण तिथल्या आया अजून त्यांना बघून बाजूला होतात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नवे नमुने गेले आणि दोन दिवसांनी निकाल आला. अकरापैकी दहा फोन स्वच्छ. उरलेला सरांचा. नमुना घ्यायच्या आधी ते फोन घेऊन वडापावच्या गाडीवर गेले होते, हे मामांनीच सगळ्यांना सांगितलं. सरांनी स्वतःच्या हाताने सूचना लिहून लावली की डॉक्टरांसाठीही नियम तोच आहे. खाली सही केली. मामांनी त्यांना आधी हात धुवायला लावले.

चंद्रकलाचं ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं, इथेच. ते आठ दिवस मी टाक्यांचा इतका विचार केला की घरी आमटीत मीठ दोनदा पडलं. नवव्या दिवशी सिस्टरांनी ड्रेसिंग उघडलं. मी रेघेच्या बाहेर, दाराशी उभी. आतून चंद्रकलाचाच आवाज आला, "ताई, कोरडं हायेत. आता तुमी मोकळ्या." मी काउंटरवर परत गेले आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. महिन्याने ती आली ती आंबेमोहोराचं पोतं घेऊन, आणि ते उतरवताना, जड उचलायचं नाही म्हणून, शहाणपणाने मागे उभी राहिली. ते तांदूळ मी घरी नेले तेव्हा यांनी आधी विचारलं की यात कुणाचा फोन आहे का.

फडक्याची फ्रेम सिस्टरांची कल्पना. मी नको म्हणत होते. आपली चूक भिंतीवर टांगलेली कुणाला आवडेल? पण त्यांचं म्हणणं पडलं की डिग्री टांगतो तर हेही टांगू, हे मिळवायलाही तेवढंच लागतं.

परवा माल्याकडचे एक आजोबा त्या काचेला हात लावून कपाळाला लावत होते. भिकाजीमामा पोछा घेऊन तिथूनच चालले होते. थांबले. म्हणाले, "आजोबा, आदी हात धुवा." मग आजोबांनी हात धुऊन येईपर्यंत पोछ्यावर टेकून उभे राहिले. आजोबांनी विचारलं, हे कुठल्या महाराजांचं. मामांनी माझ्या काउंटरकडे हात केला.

"महाराज न्हाई. आमच्या ताईंची चूक हाय ती," ते म्हणाले. "लई मोटी चूक. आख्ख्या तालुक्यात अशी कुणी कबूल केली न्हाई."